मीटिंगमध्ये आहे

दुपारचे चार वाजून गेले होते. मी पलंगावर आडवा, डोळे मिटलेले, झोप मात्र लागलेली नाही. उशीशी ठेवलेला फोन थरथरला. एक डोळा किलकिला करून पाहिलं तर जुन्या मित्राचं नाव. अंगठा स्क्रीनपर्यंत गेला, हिरव्या खुणेवर क्षणभर घुटमळला, मग खाली सरकला, तयार निरोपांच्या यादीत शिरला आणि त्यातला पहिलाच निरोप पाठवून मोकळा झाला. 'मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो.' फोन गप्प झाला. मी कूस बदलली.

इथपर्यंत सांगण्यासारखं काही नाही. एवढंसं खोटं कधीच न बोललेला माणूस माझ्या तरी पाहण्यात नाही.

वीसेक मिनिटांनी पाणी प्यायला उठलो, तर शेजारच्या खोलीच्या बंद दारामागून माणसांचे आवाज. दार ढकललं. टेबलावर लॅपटॉप उघडाच होता आणि त्यातून कुणीतरी तिमाहीचे आकडे एकसुरी वाचून दाखवत होतं. सकाळी ज्या मीटिंगला बसलो होतो ती संपली असं मी धरून चाललो होतो. ती संपली नव्हती, मधली सुट्टी झाली होती. साडेतीनला ती पुन्हा सुरू झाली, आणि बाहेर पडायचं बटण न दाबताच मी उठून गेलो होतो, त्यामुळे हजर माणसांच्या यादीत माझं नाव झळकत होतं. कॅमेरा बंद, माइक बंद, पण हजर.

म्हणजे मित्राला 'मीटिंगमध्ये आहे' असं कळवलं तेव्हा मी मीटिंगमध्येच होतो. फक्त मला त्याचा पत्ता नव्हता.

एकटाच उभा राहून हसलो. हसू ओसरल्यावर प्रश्न उरला आणि तो पुढे बरेच दिवस चपलेतल्या खड्यासारखा टोचत राहिला. मी खोटं बोललो की नाही?

वाक्य तर खरं होतं. कुणी पुरावा मागितला असता तर यादीतलं नाव दाखवता आलं असतं. तरी मनातल्या मनात मी स्वतःला निर्दोष सोडायला तयार नव्हतो, कारण पाठवताना मला ते खोटंच पाठवायचं होतं. ख्रिस्ती धर्मचिंतक संत ऑगस्टीनने हा गुंता फार आधी, इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या अखेरीस, सोडवून ठेवला आहे. त्याचं म्हणणं असं की खोटेपणा ठरतो तो बोलणाऱ्याच्या मनावरून, बाहेरच्या वस्तुस्थितीवरून नव्हे. जे आपल्याला खोटं वाटतं ते खरं म्हणून सांगितलं की आपण खोटं बोललो, मग ते पुढे खरं निघो वा न निघो. या हिशेबाने मी सरळ सरळ गुन्हेगार.

पण मग आपल्या धर्मराजाचं काय? त्याचं प्रकरण माझ्या बरोबर उलटं आहे. भीमाने अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला, द्रोणाने युधिष्ठिराला विचारलं, आणि त्याने 'अश्वत्थामा मेला' हे मोठ्याने आणि 'हत्ती' हे तोंडातल्या तोंडात सांगितलं. शब्द न् शब्द खरा, आणि तो खरा आहे हे त्याला माहीतही होतं. तरी जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. महाभारतकारांना शब्दांच्या खरेपणाशी देणंघेणं नव्हतं, समोरच्याच्या मनात काय उतरवायचा बेत होता तेवढंच त्यांनी पाहिलं. 'नरो वा कुंजरो वा' आपण अजून म्हणतो ते कुणी संदिग्ध बोलून अंग काढून घेतलं की. खोटारड्याला म्हणत नाही. म्हणजे भाषेनेही त्या बोलण्यासाठी वेगळा कप्पा केला आहे. माझ्या बोलण्यासाठी मात्र मराठीत काही कप्पा सापडेना. चुकून खरं बोललेला खोटारडा.

जर्मन तत्त्वज्ञ कांटकडे गेलो ते सवयीने, आणि तिथे चक्क माझाच नमुना भेटला. १७९७ सालच्या त्या छोट्या निबंधातला प्रसंग प्रसिद्धच आहे. मित्र तुमच्या घरात लपलाय, मारेकरी दारात उभा राहून विचारतो, तो आत आहे का? कांट म्हणतो, तरीही खोटं बोलायचं नाही. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं आणि इथेच लोक पुस्तक मिटून कांटच्या नावाने बोटं मोडतात. पुढचं कमी जण सांगतात. तो म्हणतो, समजा तुम्ही खोटं सांगितलंत, 'तो घरात नाही', आणि तेवढ्यात तुमच्या नकळत मित्र मागच्या बाजूने खरोखरच बाहेर पडला होता. मारेकरी माघारी फिरला, वाटेत मित्र सापडला, मारला गेला. आता त्या मृत्यूचा जाब तुम्हालाही द्यावा लागेल. बघा, 'तो घरात नाही' हे वाक्य खरंच होतं की! सांगणाऱ्याला माहीत नव्हतं, एवढंच.

कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला याची दुसरी बाजू सांगतो. कौशिक नावाचा ब्राह्मण, सत्य बोलायचं व्रत घेतलेला. दरोडेखोरांच्या भीतीने पळालेले लोक रानात लपतात, दरोडेखोर कौशिकाला विचारतात, तो खरं काय ते सांगून टाकतो. लोक मारले जातात आणि हा सत्यवादी नरकात जातो. कांट आणि कृष्ण एकमेकांसमोर बसले असते तर काय झालं असतं याची मी कधी कधी कल्पना करतो. कृष्ण जिंकला असता असं मला वाटतं. तोही पुन्हा वादात नाही, गोष्ट सांगून.

माझ्या दारात अर्थातच मारेकरी नव्हता. होता एक मित्र, आणि तो माझी खुशाली विचारायला आला असण्याचीच शक्यता जास्त.

नीतिशास्त्रातल्या गाजलेल्या कोड्यांशी माझं जमत नाही ते यासाठीच. फिलिपा फूट या तत्त्वज्ञ बाईंनी १९६७ साली ट्रामचं कोडं मांडलं. ब्रेक गेलेली ट्राम, एका रुळावर पाच माणसं, दुसऱ्यावर एक, चालकाने काय करावं? पुढे ज्युडिथ जार्विस थॉमसन यांनी त्यात पुलावरचा लठ्ठ माणूस आणला, ज्याला ढकललं तर ट्राम थांबते. कोडं चोख आहे, वाद नाही. फक्त माझ्या आयुष्यात रूळ बदलायचा दांडा एकदाही आलेला नाही. आले ते अंगठे. फोन उचलायचा की नाही, उत्तर द्यायचं की 'पाहिलं' एवढीच खूण जाऊ द्यायची, माहीत असलेली गोष्ट बोलायची की गिळायची. त्यात पाच जीव वाचत नाहीत आणि एकही जात नाही. पण माणूस कसा आहे ते ठरायचं तर इथेच ठरत असावं.

असो. मूळ मुद्दा 'माहीत असणं' हा होता.

तत्त्वज्ञानात एक तीन पानी लेख आहे. एडमंड गेटियरचा, १९६३ चा. त्या तीन पानांनी पुढच्या साठ वर्षांतल्या किती प्राध्यापकांची पोटं भरली याची गणती नसावी. प्लेटोच्या काळापासून चालत आलेली एक समजूत होती की एखादी गोष्ट आपल्याला वाटते, ती खरी आहे, आणि तसं वाटायला आपल्याजवळ पुरेसं कारण आहे, एवढं जमलं की त्याला ज्ञान म्हणावं. गेटियरने दाखवलं की तिन्ही अटी पुऱ्या होऊनही ज्ञान हातात येत नाही, नुसती लॉटरी लागलेली असते. बंद पडलेल्या घड्याळाचं उदाहरण बर्ट्रांड रसेलने त्याच्याही आधी, १९४८ साली दिलं होतं. घड्याळ बंद आहे, पण तुम्ही नेमकं त्याच वेळी त्याच्याकडे पाहता जेव्हा काटे योग्य वेळेवर आहेत. वेळ बरोबर कळली. पण ती माहीत झाली का?

आणि याच्या अकराशे-बाराशे वर्षं आधी, आठव्या शतकात, धर्मोत्तर नावाच्या बौद्ध नैयायिकाने, म्हणजे तर्कशास्त्र्याने, हाच खेळ मांडून ठेवला होता. मांस भाजायला नुकताच विस्तव पेटवला आहे, धूर अजून निघालेला नाही, पण वासाने माशांचा थवा वर घोंघावतोय. लांबून पाहणाऱ्याला तो थवा धुरासारखा दिसतो. तो म्हणतो, तिथे आग आहे. आणि आहेच! मृगजळाचंही तसंच. वाळवंटात तहानलेला माणूस मृगजळाला पाणी समजून धावतो, आणि तिथे पोचल्यावर खडकाखाली खरंच पाणी सापडतं. आग असल्याशिवाय धूर निघत नाही हे आपण लहानपणापासून ऐकतो. धूर नसतानाही आग असते, आणि माशांवरून आगीचा पत्ता लागला तर त्याला अक्कल म्हणावं की नशीब, हे कुणी सांगत नाही.

माझं प्रकरण या सगळ्यांच्या शेजारी बसतं, पण आतून उसवलेलं. रसेलचा माणूस निदान खरं मानत तरी होता. मी खोटं मानत होतो. 'मी मीटिंगमध्ये नाही' अशी माझी पक्की खात्री होती, तिला चांगली कारणंही होती (मी पलंगावर होतो, हे काही लहान कारण नव्हे), आणि ती चूक होती.

की नव्हती? कारण इथे आणखी एक पाय घसरतो. मी होतो कुठे? शरीर पलंगावर, नाव यादीत, लक्ष कुठेच नाही. मीटिंगमध्ये असणं म्हणजे काय असतं? यादीत नाव असणं हे असणं असेल, तर मी होतो. ऐकणं हे असणं असेल, तर त्या यादीतले किती जण होते कुणास ठाऊक.

मन आणि शरीर वेगळं काढून ठेवायची खटपट फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने १६४१ साली मोठ्या थाटात केली. मन म्हणजे विचार करणारी वस्तू, तिला जागा नाही, आकार नाही. शरीर म्हणजे जागा व्यापणारी वस्तू, तिला विचार नाही. मे १६४३ मध्ये बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने त्याला पत्र लिहिलं. ती तेव्हा २४ वर्षांची. तिने विचारलं ते साधंच होतं. ज्याला जागाच नाही ते मन हाताला हलवतं कसं? ढकलायला स्पर्श लागतो, स्पर्शाला पृष्ठभाग लागतो. देकार्तने बरीच वळणं घेतली, आणि जूनमधल्या पत्रात एक विलक्षण कबुली दिली की मन-शरीराची एकी विचार करून नीट कळत नाही, चिंतन बाजूला ठेवून रोजच्या जगण्यात आणि गप्पांमध्येच ती कळते. जन्मभर चिंतनाचा पुरस्कार करणाऱ्याने हे लिहावं! एलिझाबेथचं समाधान झालं नाही. माझंही नाही, पण त्या वाक्यासाठी मला देकार्त आवडतो.

तेव्हापासून प्रश्न फारसा हललेला नाही. १९९८ साली मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टोफ कॉख आणि तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांनी पैज लावली की येत्या २५ वर्षांत मेंदूत जाणीव कशी तयार होते त्याचा उलगडा होईल की नाही. २०२३ मध्ये कॉखने हार मानून चाल्मर्सला वाइनच्या बाटल्या दिल्या. वटवाघळाला वटवाघूळ असणं कसं वाटत असेल, हा थॉमस नेगेलचा १९७४ चा प्रश्न मला तितकासा झोंबत नाही. वटवाघूळ लांब आहे. पलंगावर पडलेल्या त्या माणसाला काय वाटत होतं हेच मला धड सांगता येत नाही, आणि तो तर मी होतो.

कारण खरा घोळ तिथे आहे. मी फोन का घेतला नाही?

पहिल्या दिवशी याचं उत्तर तयार होतं, दमलो होतो. दुसऱ्या दिवशी ते पटेना. दमलेलाच होतो तर त्यानंतर वीस मिनिटं पडल्या पडल्या दुसरं काहीबाही फोनवर पाहत कसा राहिलो? मग वाटलं, गेल्या वेळी तो फार वेळ स्वतःबद्दलच बोलला होता, त्याचा राग असेल. हे जास्त पटलं, कारण ते थोडं वाईट होतं. स्वतःबद्दलचं वाईट कारण सापडलं की आपण खोलवर पोचलो असं वाटतं. आठवड्याने आणखी एक उत्तर सुचलं, ते इथे लिहीत नाही. तिन्ही वेळा मला सारखीच खात्री होती.

स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातल्या पेटर योहानसन आणि लार्स हाल यांनी सहकाऱ्यांसोबत २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसासमोर दोन चेहऱ्यांचे फोटो धरायचे, जास्त आवडलेला निवडायला सांगायचं, मग तो फोटो हातात देऊन विचारायचं, हाच का निवडलात? मधल्या मध्ये हातचलाखीने कधी कधी फोटो बदलायचा. न निवडलेला चेहरा हातात यायचा. बहुतेक वेळा लोकांच्या ते लक्षातच आलं नाही, आणि ते भराभर कारणं द्यायला लागले. कुणी म्हणालं, मला कानातले आवडतात म्हणून. मूळ निवडलेल्या चेहऱ्याला कानातले नव्हतेच.

हे वाचून हसू येतं, आणि मग आणखी जुना एक प्रयोग आठवतो तिथे ते थांबतं. अपस्माराच्या उपचारासाठी ज्यांच्या मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा पूल कापावा लागला, अशा रुग्णांवर मेंदूशास्त्रज्ञ मायकल गॅझॅनिगाने कित्येक वर्षं काम केलं. एका रुग्णाच्या डाव्या अर्ध्या मेंदूला कोंबडीचा पंजा दाखवला आणि उजव्याला बर्फात बुडालेलं घर. समोरच्या चित्रांतून जुळणारं निवड म्हटल्यावर उजव्या हाताने कोंबडी निवडली, डाव्याने बर्फ उपसायचं फावडं. दोन्ही बरोबर. पण बोलण्याचा कारभार डाव्या मेंदूकडे, आणि त्याने बर्फ पाहिलाच नव्हता. फावडं का, असं विचारल्यावर त्याने 'माहीत नाही' म्हणायला हवं होतं. तो म्हणाला, कोंबड्यांचं खुराडं साफ करायला फावडं लागतं ना.

खुराड्याची ही गोष्ट वाचल्यापासून मी माझ्या कारणांकडे जरा वेगळ्या नजरेने पाहतो. दमलो होतो, हे खुराडंच. मित्राचा राग आला होता, हेही बहुधा खुराडंच, जरा जास्त सुबक बांधलेलं. अंगठा कुठल्या तरी बर्फामुळे खाली सरकला असेल आणि मी आठवडाभर कोंबड्यांचा हिशेब लावत बसलो.

मग अंगठा कुणी सरकवला?

मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेटचा प्रयोग मी बरीच वर्षं ऐकून होतो. या निमित्ताने तो नीट समजून घेतला. १९८३ साली तो प्रसिद्ध झाला. माणसाच्या डोक्यावर विद्युतलहरी टिपणारी अग्रं लावायची आणि समोर एक तबकडी ठेवायची, जिच्या कडेने प्रकाशाचा ठिपका २.५६ सेकंदांत एक फेरी मारतो. मनात येईल तेव्हा मनगट हलवायचं, आणि 'हलवावं' असं पहिल्यांदा वाटलं तेव्हा ठिपका कुठे होता ते सांगायचं. मनगट हलण्याआधी साधारण २०० मिलिसेकंद माणसाला इच्छा जाणवली. मेंदूतली तयारीची लहर मात्र सुमारे ५५० मिलिसेकंद आधी उठली होती. म्हणजे आपल्याला 'ठरवलं' असं वाटण्याच्या एक तृतीयांश सेकंद आधी आत काहीतरी सुरू झालेलं.

मी घरी भिंतीवरच्या घड्याळासमोर बसून पाहिलं. सेकंदकाट्याकडे पाहत राहायचं आणि मनाला येईल तेव्हा बोट उचलायचं. करून पाहा, फार विचित्र अनुभव आहे. पहिली काही मिनिटं बोट उचललंच जात नाही, कारण प्रत्येक वेळी मन विचारतं, आताच का? मग अचानक बोट उचललेलं असतं आणि 'हां, मीच उचललं' हा विचार त्याच्या मागून धापा टाकत येतो. कधी आपण उचलायचं असं घोकत असतो आणि बोट ढिम्म. दहाएक वेळा करून माझी एवढीच खात्री पटली की इच्छा पहिल्यांदा कधी जाणवली हे सांगणं जवळजवळ अशक्य आहे. लिबेटच्या माणसांनी ते मिलिसेकंदांत सांगितलं याचं मला कौतुक वाटतं, आणि थोडी शंकाही.

शंका घेणारे मोठे लोकही आहेत. आरोन शुर्गर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं की ती आधी उठणारी लहर म्हणजे निर्णय असायची गरज नाही. मेंदूत चढउतार सतत चालूच असतात, आणि करायचं कधी याला काही कारणच नसलं की एखादा चढ उंबरठा ओलांडतो तेव्हा हात हलतो. समुद्राच्या काठी उभं राहून ज्या लाटेने पाय भिजले तिथून मागे मोजत गेलं, तर पाणी आधीपासून चढत होतं असंच दिसणार. म्हणून समुद्राने पाय भिजवायचं आधीच ठरवलं होतं असं होत नाही. लिबेटने स्वतःही मोकळी इच्छा साफ निकालात काढली नव्हती. त्याच्या मते शेवटच्या त्या २०० मिलिसेकंदांत माणूस नकार देऊ शकतो, सुरू झालेलं थोपवू शकतो. हिरव्या खुणेवर माझा अंगठा घुटमळला तो हाच काळ असेल का? मी तेव्हा थोपवलं खरं, पण काय थोपवलं, तर फोन घेणं.

पांडवगीता म्हणून जे श्लोक म्हटले जातात त्यात दुर्योधनाच्या तोंडी एक आहे. धर्म काय ते मला कळतं, पण माझी प्रवृत्ती तिकडे होत नाही. अधर्मही कळतो, पण त्यातून निवृत्ती होत नाही. लोक इथेच थांबतात, कारण एवढं आपल्या सगळ्यांना लागू पडतं. श्लोकाच्या उत्तरार्धात तो सांगतो की हृदयात कुणी देव बसलाय, तो जसं नेमतो तसं मी करतो. लहर मेंदूत असो की देव हृदयात, 'मी नव्हे, तो' असं म्हणायची सोय दोन्हीकडे सारखीच आहे. आणि ती दुर्योधनाच्या तोंडी घातली, यात लिहिणाऱ्याची नजर दिसते. दुसऱ्या कुणाच्या तोंडी तोच श्लोक भक्ती वाटला असता.

एका रात्री मात्र जाग आली आणि वाटलं, तो अडचणीत होता का? त्या दुपारनंतर त्याचा फोन नाही, निरोप नाही. अंधारात पोटात गोळा आला. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल यांनी १९७६ साली 'नैतिक नशीब' म्हणून एक गोष्ट चर्चेला घेतली. विल्यम्सचा ट्रकचालक आहे. त्याची काडीचीही चूक नाही आणि त्याच्या गाडीखाली मूल येतं. आपण त्याला समजावतो, तुझा दोष नाही. पण तो लगेच 'खरंच की' म्हणून सावरला, तर आपल्यालाच कसंतरी होईल. माझ्याकडे तर छोटी का होईना, चूकही होती. त्या दुपारी मित्राला काही झालं असतं तर अंगठ्याची तीच हालचाल मला जन्मभर पुरली असती. काही झालं नसेल तर ती विसरून जाण्याच्या लायकीची. हालचाल मात्र एकच, तेवढीच. तिचं वजन ज्या गोष्टीवर ठरणार होतं ती माझ्या हातात नव्हतीच.

सकाळी उठून आधी फोन हातात घेतला, आणि तेव्हा तो निरोप पुन्हा दिसला. 'मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो.' तीन आठवडे झाले होते. तीन आठवडे मी वाक्याच्या पहिल्या अर्ध्याला धरून ऑगस्टीनपासून लिबेटपर्यंत हिंडून आलो, आणि दुसरा अर्धा तसाच पडून होता. मीटिंगमध्ये मी होतो की नव्हतो यात माझा काही हात नव्हता. 'नंतर करतो' यात सगळा माझाच होता. तिथे ना धूर, ना मृगजळ, ना फिरता ठिपका. तीन आठवडे, रोज, जागेपणी, मी फोन केला नव्हता.

लावला. दुसऱ्या रिंगला त्याने उचलला. मजेत होता. त्या दिवशी का केला होतास असं विचारलं, तर त्याला आठवेना. सहजच केला असेल, म्हणाला.

"मी त्या दिवशी खोटं सांगितलं होतं तुला," मी म्हटलं. "मीटिंगमध्ये आहे म्हणून."

"माहीत आहे."

"कसं काय?"

"अरे, तू मीटिंगमध्ये असलास की फोन नुसता वाजत राहतो आणि तू रात्री कधीतरी उगवतोस. त्या दिवशी उत्तर चार सेकंदांत आलं. म्हटलं, लोळत पडलाय."

मी गप्प. त्याचं अनुमान बिनचूक होतं, नैयायिकांनी पाठ थोपटावी असं. मग त्याला लॅपटॉपची गोष्ट सांगितली, दारामागचे आवाज, तिमाहीचे आकडे, यादीतलं नाव, सगळं. तो खूप हसला. हसणं थांबल्यावर थोडा वेळ पलीकडून काही आवाज नाही.

"थांब थांब. म्हणजे तू मीटिंगमध्ये होतास?"

"हो."

"म्हणजे खरं बोलला होतास."

"नाही."

"मग मला जे माहीत होतं, ते..." तो अडला. "मला काय माहीत होतं नक्की?"